निरोगी क्रमांक एक

फौजदारीण म्हणजे काही पोलिसातली नव्हे. कर्करोग आईबापांकडून लेकरांकडे कसा उतरतो, ते जनुकांत शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. तोंडावर सगळे बाई म्हणत, पाठीमागे फौजदारीण. फ्रीज कुणी दोनदा उघडला, की बाईंनी विचारलंच, "पहिल्यांदा काय लपवायचं राहिलं?" तीस वर्षांत त्यांनी भल्याभल्यांच्या संशोधनातल्या चुका पकडल्या होत्या, त्या या संशयाच्याच जोरावर. नवऱ्याने आणलेलं दूधसुद्धा त्या हुंगून बघत. नवरा बिचारा देवमाणूस, त्याला सवय झाली होती.

त्या दिवशी सकाळी सकाळी एक शिंपीण दारात येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पत्र, सात वर्षांपूर्वीचं, बाईंच्याच सहीचं. तिची थोरली बहीण स्तनाच्या कर्करोगाने आजारी होती, तेव्हा दोघींचं रक्त इथे तपासलं होतं. दोघींच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं निघालं. पण पत्रात लिहिलं होतं, की हा बदल निरोगी माणसातही सापडतो, म्हणून निरुपद्रवी आहे, निर्धास्त राहा.

"राहिले की निर्धास्त," शिंपीण म्हणाली. "ताई गेली, आणि आता मला गाठ आलीय. तीच. माझं काय व्हायचं ते होईल. मुलगी बावीस वर्षांची आहे, तिला धोका आहे का नाही, एवढंच खरं सांगा."

बाईंना तिची कणव आली, पण खरं सांगायचं तर त्याआधी संशय आला, आणि तोही थेट मामांवर. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. प्रत्येक रुग्णाच्या नमुन्याशेजारी ते एक निरोगी नमुना तपासत. त्या नळीवर लिहिलेलं होतं, 'निरोगी क्रमांक एक'. तो बदल त्या नळीत दिसला होता, म्हणून तर तो निरुपद्रवी ठरला!

"मामा, त्या नळीत रुग्णाचं रक्त मिसळलंत तुम्ही. कधी, तेवढं सांगा."

मामांचा चेहरा पडला. "इथे बावीस वर्षं झाली बाई. कप फुटला तरी तुम्हाला येऊन सांगतो मी. हे लपवलं असतं?"

"मग बदल तिथे आला कुठून?"

"ज्याचं रक्त आहे, त्यालाच विचारा की!"

ते रक्त कुणाचं, हे बाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा एक निरोगी माणूस हवा होता. विद्यार्थी खोटं बोलतील, नवऱ्याच्या घरात कुणाला काय झालं असेल कोण जाणे. शेवटी बाईंनी स्वतःचीच बाही वर केली होती. जगात भरवशाचं एकच माणूस, दुसरं कोण!

त्यांनी पुन्हा रक्त दिलं. किल्ली स्वतःकडे घेतली, हातमोज्यांचं नवं खोकं फोडलं, मामांना दारातही उभं राहू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर त्याच जागी तेच बदललेलं अक्षर. मग यंत्रावर संशय. खोट्या नावाने नमुना दुसरीकडे पाठवला. तिथूनही तेच उत्तर.

नळी स्वच्छ होती. मग निरोगी हा शब्द तरी खरा होता का? बदल असलेल्या सगळ्याच काही आजारी पडत नाहीत, बाई आजवर सुटल्या होत्या एवढंच. बाईंची आई पोटात पाणी होऊन गेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. मावशीही तशीच. तो याच जनुकातून येणारा अंडाशयाचा कर्करोग होता का, ते कुणी तपासलं नाही, आणि दूध हुंगणाऱ्या या बाईंनी कधी विचारलं नाही. त्यांनी कपाट उघडलं. याच बदलाबद्दल 'निर्धास्त राहा' असं पत्र अकरा घरांना गेलं होतं. एकेका घरी फोन लावला. आठ घरांत त्यानंतर कुणीतरी बाई आजारी पडली होती.

"मामा, चुकले मी," बाई म्हणाल्या.

"माझं राहू द्या. त्या शिंपीणबाईंना बोलवा आधी."

शिंपीण आली. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "पत्र चुकीचं होतं. चूक माझी. मुलीला आजच घेऊन या, तिचं रक्त तपासू. वेळेवर कळलं तर तिला वाचवता येतं."

"सात वर्षं, बाई!" शिंपीण कडाडली. "दर वर्षी तपासून घेतलं असतं मी! कोण तो तुमचा निरोगी माणूस? त्याला तरी सांगितलंत का?"

"मीच ती."

शिंपिणीने पत्राची पिशवी टेबलावर आपटली. मग तिने विचारलं, "मुलंबाळं?"

"एक मुलगी. तिशीची."

"तिला कळवलंत?"

"कसं सांगू, तेच सुचत नाहीये."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघत बसलाय?" शिंपीण खेकसली, आणि टेबलावरचा फोन तिने बाईंच्या पुढ्यात ढकलला. "लावा!"