पटकन सुटणारी प्लेट

कॅमेऱ्याच्या दुकानात लग्नांचे फोटो काढणारे एक वयस्क गृहस्थ ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायची प्लेट निवडत होते. त्यांचा उजवा हात थरथरत होता. शेजारी बायको उभी होती.

"काका, ही घ्या. भूकंपातही कॅमेरा सुटायचा नाही," दुकानदार म्हणाला.

"मला तो सुटायलाच हवा. हार घालताना पोरं नवरदेवाला उचलतात. तेव्हा काय स्टँड खांद्यावर घेऊन पळू?"

"पळणार म्हणे! सकाळी चहाचा कप धरवेना," बायको म्हणाली.

ते दुकानातल्या ट्रायपॉडवर एकेक प्लेट लावून, तिच्यावर कॅमेरा बसवून एका हाताने सोडवून पाहू लागले. नवी काठी आणलेला माणूसही पहिले काही दिवस ती टेकवत नाही, नुसती हातात धरून चालतो. आधार घेणं हेही अवघड काम आहे.

एका प्लेटची कळ दाबताच कॅमेरा अलगद सुटला. त्यांनी तो डोळ्याला लावून बायकोकडे रोखला.

"काढा की," ती म्हणाली.

कॅमेरा हलत राहिला. त्यांनी तो खाली आणला, पुन्हा प्लेटवर बसवला आणि मग तिचा फोटो काढला.

"हीच द्या," ते दुकानदाराला म्हणाले.