एवढा एक ‘तो’ राहू दे

मिलिंद गेल्याचा फोन मी तीन वेळा कट केला. लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. ऑगस्टमधली दुपार होती, सिडनीचं दुसरं मोठं लॉकडाऊन ऐन भरात होतं आणि वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून मी डबा खात होते. लॅबमध्ये स्वॅबचे ढीग, मास्कच्या दोऱ्यांनी कानामागे सोललेलं, आणि दिवसातली तेवढीच वीस मिनिटं माझी. त्यात स्क्रीनवर मिलिंदचं नाव. मला वाटलं, परत सबटायटल्स. चौथ्यांदा उचलला आणि हॅलोसुद्धा न म्हणता खेकसले, "मिलिंद, संध्याकाळी बोलू म्हटलं ना तुला?" पलीकडे त्याची बायको सुनीता होती, त्याच्या फोनवरून बोलत होती. "अनघा... मिलिंद गेला गं. सकाळी, डेपोत. हार्ट." पुढचं नीट आठवत नाही. डबा मांडीवर सांडला होता एवढं आठवतं, आणि त्याचाही राग मला त्याच्यावरच आला होता.

त्याला कोविड झाला नव्हता. दीड वर्ष तो रोज बस चालवत होता, बरेचदा रिकामी, आणि त्याला साधी सर्दीही झाली नाही. छातीत मात्र दोन महिने अधूनमधून दुखत होतं. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचा, "स्क्रीनिंग झालं की जातो." ऐकणाऱ्याला वाटावं, हा कसल्या तरी तपासणीबद्दल बोलतोय. तो सिनेमाबद्दल बोलत होता. पंचेचाळिशीतल्या माणसाने छातीतलं दुखणं एका माहितीपटासाठी पुढे ढकलावं, याला काय म्हणायचं? मी जे म्हणायचे ते इथे छापता येणार नाही.

आमची ओळख वीस वर्षांपूर्वीची, इथल्या युनिव्हर्सिटीतली. तो चिंचवडचा, मी डोंबिवलीची. तेव्हा एका घरात आम्ही पाच जण राहायचो आणि भांडी घासायची पाळी कुणाची यावरून तो तावातावाने वाद घालायचा. वादात त्याचंच बरोबर असायचं, हा आणखी वैताग. मास्टर्स झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत म्हणून तो बस चालवायला लागला आणि मग ते काम त्याला आवडलंच. "सकाळी पाचला रस्ता माझा एकट्याचा असतो," म्हणायचा. स्कोफिल्ड्सला घर घेतलं, मुलगी झाली, बस सुटली नाही. सुट्टीच्या शनिवारी तो एका छोट्या युद्धसंग्रहालयात फुकट काम करायला जायचा. तिथे एक जुना लष्करी ट्रक होता, त्याच्या प्रेमात पडून.

त्या संग्रहालयाने एक माहितीपट केला होता. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांवर. त्यांना इथे उतरू द्यावं की नाही यावरच आधी खळखळ झाली. मग उतरवलं ते रस्ते बांधायला, विमानांच्या धावपट्ट्या तयार करायला, बोटींवरचा माल उतरवायला आणि ट्रक चालवायला. राहायची जागा वेगळी, नाचायचा क्लबही वेगळा. मिलिंदने तो पाहिला आणि त्याच्या डोक्यात भुंगा शिरला की आपल्या मराठी मंडळासाठी याचा एक खेळ लावायचा, मराठी सबटायटल्ससकट.

"हिंदीत करतायत ना कुणीतरी? आपल्या लोकांना हिंदी येतं. इंग्लिशही येतं," मी म्हटलं.

"येतं गं. पण आई-बाबा लोक आहेत, इथे अडकलेले, त्यांची फ्लाइट्स कॅन्सल झालेली. त्यांना घेऊन जायचंय. आणि तुझं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

या शेवटच्या वाक्याला मी भुलले. खेळाचा पहिला दिवस ठरला आणि गर्दीवर पुन्हा बंधनं आली. दुसऱ्यांदा ठरला तेव्हा खुर्च्या इतक्या लांब लांब मांडायच्या होत्या की अर्धं मंडळ बाहेर बसलं असतं. तिसऱ्यांदा तारीख मिळाली आणि पुन्हा लॉकडाऊन लागलं. शहाण्या माणसाने नाद सोडला असता. मिलिंदने तो वेळ माझ्या भाषांतराचा कीस काढण्यात घालवला. पहाटे शिफ्टला निघताना पंधरा-पंधरा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवायचा, मागे बसचं इंजिन घरघरतंय आणि हा विचारतोय, "‘सर्व्हिस युनिट’ला तू सेवा पथक म्हणतेस, ते देवळातलं वाटत नाही का?"

एका मेसेजमध्ये मात्र त्याचा आवाज वेगळा होता. "अनघा, एक बघ. गोरे अधिकारी बोलतात तेव्हा तू लिहितेस, ‘ते म्हणाले’, ‘त्यांनी हुकूम दिला’. ट्रकवाल्यांना लिहितेस, ‘तो म्हणाला’, ‘त्याने गाडी काढली’. इंग्लिशमध्ये दोघंही नुसते ‘ही’ आहेत. हे तू केलंस."

मी चिडले. म्हटलं, आपण मराठीत असंच बोलतो, साहेब आले आणि ड्रायव्हर आला. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं, पण कबूल कोण करणार? दोन शिफ्टचं काम अंगावर होतं. त्या संध्याकाळी मी रागारागाने फाइल उघडली, ‘तो’ काढून सगळीकडे ‘ते’ घालायची आज्ञा कॉम्प्युटरला दिली आणि न वाचता त्याला पाठवून दिली. आता बस म्हणावं बोंबलत.

दुसऱ्या दिवशी फोनवर तो इतका हसत होता की मला शब्द कळेनात. तोंडाचं ‘तेंड’ झालं होतं आणि तोफांच्या ‘तेफा’. त्याहून कहर म्हणजे सहा फुटी सैनिक कॅमेऱ्याकडे बघून सांगत होता, ‘मी रोज बारा तास ट्रक चालवते.’ "सगळी पलटण तुझ्यासारखी बोलायला लागलीय," मिलिंद म्हणाला. मग एकेक ओळ बसून दुरुस्त करणं आलं. तेही मीच केलं, शिव्या देत.

संग्रहालयात काम बघणारी जॅन एकदा व्हिडिओ कॉलवर होती. एवढी चर्चा कसली चाललीय, तिला कळेना. मिलिंदने समजावलं की आमच्या भाषेत तुमच्या ‘ही’साठी दोन शब्द आहेत, एक मान द्यायच्या माणसांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी. जॅनने सरळ विचारलं, "सो विच वन आर यू, मेट?"

"डिपेन्ड्स हू इज टॉकिंग," तो म्हणाला आणि पुढच्या ओळीकडे वळला.

तेव्हा मी हसले होते. तो गेल्यावर आठवडाभराने ते वाक्य मला पुन्हा आठवलं आणि त्यामागून दुसरी एक गोष्ट आठवली. कोविडच्या आधीचा मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम, केलीव्हिलच्या हॉलमध्ये. एक सर्जन यायचे होते, मी दारात उभी राहून धावपळ करत होते. "डॉक्टर आले की त्यांना पुढे बसवा," मी कुणाला तरी सांगितलं, "आणि मिलिंद कुठाय, तो बसवाला? त्याला म्हणावं खुर्च्या लाव." मिलिंद माझ्या मागेच उभा होता. त्याने खुर्च्या लावल्या. त्याबद्दल तो कधीही बोलला नाही, माझ्या भाषांतरावर वाद घालतानाही नाही. बोलला असता तर मी भांडले असते, मग माफी मागितली असती आणि विषय संपला असता. ती संधीही त्याने दिली नाही. याचा मला अजून राग येतो, आणि तो राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

अंत्यसंस्काराला मोजक्या माणसांना परवानगी होती. बाकी आम्ही आपापल्या घरून बघितलं. नंतर मंडळाने झूमवर श्रद्धांजली सभा घेतली. एकेक जण बोलत होता. मिलिंदजी असे होते, ते तसे होते, त्यांचा स्वभाव, त्यांचं कार्य. ज्यांनी जन्मात त्याला ‘ए बसवाल्या’खेरीज हाक मारली नव्हती, ते अहो-जाहो करत होते. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून ‘तो’ही निघेना आणि ‘ते’ही निघेना. मी म्यूटवर असल्यासारखं केलं आणि बाहेर पडले.

निर्बंध उठल्यावर सुनीता एक प्लॅस्टिकचं फोल्डर माझ्या लेटरबॉक्समध्ये टाकून गेली. तिला घरात यायचं नव्हतं, रडू येईल म्हणाली. आत सबटायटल्सची छापील प्रत होती, हिरव्या पेनाने तपासलेली. बहुतेक पानांवर काहीच खूण नव्हती. म्हणजे अखेर माझं काम साहेबांच्या पसंतीला उतरलं होतं, आणि हे सांगायला साहेब नव्हते. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती. म्हातारा झालेला एक ड्रायव्हर, उत्तरेकडच्या रस्त्यावर गाडी उलटून गेलेल्या आपल्या सोबत्याबद्दल सांगतो. मी इमानेइतबारे लिहिलं होतं, ‘ते माझ्यापेक्षा चांगला ट्रक चालवायचे.’ त्यावर हिरवी रेघ आणि समासात मिलिंदचं तिरकं अक्षर: ‘अगं, हा त्याचा दोस्त आहे. दोस्ताला अहो-जाहो करतात का? एवढा एक ‘तो’ राहू दे. बाकी सगळीकडे ‘ते’.’

मी कॉम्प्युटर उघडून ती ओळ बदलली. दोन-तीन अक्षरांचं काम, मला अर्धा तास लागला.

गेल्या शनिवारी तो खेळ झाला. मास्क लावून, लसीचं सर्टिफिकेट दाखवून मंडळी आली. अडकलेले आई-बाबाही आले, आणि ते सर्जनही. खुर्च्या मी लावल्या. ती ओळ पडद्यावर आली, ‘तो माझ्यापेक्षा चांगला ट्रक चालवायचा’, तेव्हा माझ्या शेजारच्या आजी सुनेच्या कानात म्हणाल्या, "जिवाभावाचा असणार हो त्याचा." एवढं एका अक्षरावरून त्यांना कळलं. जॅनने शेवटी आभार मानताना मिलिंदचं नाव घेतलं, इंग्लिशमध्ये, तिला काही अडचण नव्हती.

हा लेख पुरवणीसाठी पाठवताना संपादकांना एक विनंती केली आहे. गेलेल्या माणसाबद्दल आदरार्थी लिहायची तुमची पद्धत मला माहीत आहे. वाटल्यास माझे स्वल्पविराम सुधारा, वाक्यं कापा. पण या लेखातल्या एकाही ‘तो’चा ‘ते’ करू नका. मिलिंद माझा दोस्त होता. तो माझ्यापेक्षा चांगलं मराठी वाचायचा.