आधी की आता

किल्ल्या करून देणाऱ्या माणसाला आपोआप ऐकून घ्यायची सवय लागते. लोक कुलूप बदलायला येतात आणि का बदलायचं ते कोणी न विचारताच सांगत सुटतात. भाडेकरू पैसे बुडवून गेला, मुलगी रागावून निघून गेली, नवऱ्याला आता घरात घ्यायचं नाही. आपल्या या किल्लीवाल्याने तीस वर्षं हेच केलं. मान खाली, कानस चालू, कान उघडे. कोपऱ्यावरच्या त्या कपाटाएवढ्या दुकानात बसून त्याने अख्ख्या वस्तीची गुपितं पोटात घातली आणि कधी ओठांवर येऊ दिली नाहीत. स्वतःबद्दल बोलायची वेळच आली नाही, कारण त्याला कोणी काही विचारलंच नाही.

घरी दादा होता. आईवडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा आणि हा सात. दादाने शाळा सोडली, कुलपांच्या कारखान्यात चिकटला, धाकट्याला वाढवलं, हाताला धरून कानस कशी चालवायची ते शिकवलं. दोघांचीही लग्नं राहून गेली. लोक गमतीने म्हणायचे, यांचाच संसार कसा सुखाचा चाललाय बघा. तीन वर्षांपूर्वी दादाला झटका आला आणि उजवी बाजू गेली. डोकं शाबूत होतं, समजत सगळं होतं, पण एकेक शब्द त्याला जड बादलीसारखा ओढून वर काढावा लागायचा.

तेव्हापासून अंघोळ, दाढी, गोळ्या, चादरी सगळं धाकट्याकडे आलं. सकाळचं उरकून दुकान, दुपारी येऊन भरवायचं, कूस बदलायची, की पुन्हा दुकान. त्याने कुरकूर केली नाही. पण एकदा दुकानात बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला आणि बोट मशीनखाली गेलं. टाके घालणाऱ्या नर्सने त्याला खडसावलं आणि एका संस्थेचा पत्ता दिला. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एक दुपार सुट्टी, अशी त्या संस्थेची योजना होती. मदतनीस घरी येऊन बसणार, सांभाळणाऱ्याने खुशाल बाहेर जायचं.

त्याच्या वाट्याला बुधवार आला आणि बुधवारी ताई आली. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडाने मोठी गोड. आल्या आल्या "काय मोठे साहेब, आज माझ्या ताब्यात बरं का!" म्हणाली आणि दादा चक्क हसला. किल्लीवाल्याचा जीव भांड्यात पडला.

आता या माणसाचा अजागळपणा बघा. सुट्टी मिळाली, पण तिचं करायचं काय ते ठाऊक नाही. पहिले दोन बुधवार हा दाराबाहेर जिन्यातच बसून राहिला. कचरा टाकायला ताई बाहेर आली आणि त्याला अडखळून पडता पडता वाचली.

"अहो, पहारा देताय का? जा की कुठेतरी!"

मग तो तरण तलावावर जाऊ लागला. लहानपणी दादानेच त्याला पोहायला शिकवलं होतं. पोहायचा कमीच, नुसता पाण्यावर उताणा पडून छताकडे बघायचा.

परत यायचा तेव्हा दादाला डुलकी लागलेली असायची. ताई चहा टाकायची, आणि दोघं ओट्याशी उभ्या उभ्या प्यायचे. "मग, काय म्हणतोय जीव?" ती विचारायची. एवढंच. पण जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलेल्या माणसाला कोणीतरी हे विचारलं आणि गडी सुटला. दर बुधवारी थोडं थोडं मन मोकळं करू लागला. असाच एकदा म्हणाला, "ताई, हे कोणाला सांगू नका. मी येतो, किल्ली कुलपात घालतो आणि फिरवायच्या आधी थांबतो. वाटतं, आत सगळं शांत असावं. म्हणजे... संपलेलं असावं."

ताईने त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला. "सगळ्यांनाच वाटतं हो असं कधीतरी. माझ्यापाशी राहील."

त्या दिवशी तो कितीतरी महिन्यांनी गाढ झोपला.

पुढच्या महिन्यात संस्थेचा वार्षिक कार्यक्रम होता. "मोठ्या साहेबांनाही आणायचं हं, गाडी येईल न्यायला," असा ताईचा आग्रह. किल्लीवाल्याने दादाला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. सभागृहात पुढच्या रांगेत देणगीदार बसलेले. संचालक टाय सारखा करत म्हणाले, "आम्ही नुसती मदत देत नाही, तिचा परिणाम मोजतो." पडद्यावर थकवा कमी झाला, झोप वाढली, मनावरचा भार उतरला. टाळ्या पडल्या. किल्लीवाल्यानेही वाजवल्या.

मग पडद्यावर दोन चौकटी आल्या. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'आता'. "आजारी भावाला सांभाळणाऱ्या एका किल्ली-कारागिराचे शब्द," संचालक म्हणाले आणि त्यांनी डावीकडचं वाचायला घेतलं. किल्ली कुलपात घालतो. फिरवायच्या आधी थांबतो. आत सगळं शांत असावं. संपलेलं असावं. उजवीकडे होतं, 'आता मी हसत दार उघडतो. घरी जायची ओढ लागते.'

किल्लीवाल्याने पडद्यावरचं पुन्हा एकदा वाचलं. डावीकडचे शब्द अक्षरन् अक्षर त्याचे. उजवीकडचे त्याने जन्मात उच्चारले नव्हते. आणि 'आधी' कुठलं? गेल्या महिन्यात बोलला होता तो, योजना सुरू होऊन आठ महिने झाल्यावर! त्याने हळूच दादाकडे पाहिलं. दादा पडद्याकडे बघत होता. लोक टाळ्या वाजवत होते.

बाहेर फराळाच्या टेबलापाशी त्याने ताईला गाठलं.

"माझ्यापाशी राहील म्हणाला होतात."

"नाव कुठे घेतलं हो तुमचं?"

"किती किल्लीवाले भाऊ आहेत तुमच्याकडे?"

ताईची मान खाली गेली. "प्रत्येक भेटीनंतर लिहून द्यावं लागतं. तुम्ही काय बोललात, मन कसं होतं, गुण किती. फरक दिसला नाही तर योजना बंद होईल. तुमचा बुधवारही जाईल."

"आणि ते आधीचं म्हणून का दाखवलं?"

"ते मी नाही केलं. वरचे लोक करतात."

"चहासुद्धा त्यासाठीच होता?"

"नाही हो," ताई म्हणाली. पण ते म्हणायला तिला वेळ लागला, आणि त्यात त्याला काय समजायचं ते समजलं. गोड बोलून केसाने गळा कापला होता. तीस वर्षांत त्याने कोणाचा एक शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता, आणि त्याचा मात्र भर सभेत पडद्यावर टांगला होता.

घरी आल्यावर तो दादाच्या पायातले बूट काढत होता. दादाने डाव्या हाताने त्याचा खांदा धरला.

"आधी..." दादा म्हणाला. मग कितीतरी वेळाने, "की... आता?"

वरच्या लोकांनी रचलेलं खोटं आयतं तोंडाशी होतं. वाटभर त्याने त्या खोट्यालाच शिव्या घातल्या होत्या.

"आधी, दादा. अगदी सुरुवातीला."

दादाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. लहानपणी दात न घासता 'घासले' म्हटल्यावर बघायचा तसं.

"बरं," दादा म्हणाला.

त्या क्षणी किल्लीवाल्याला ताईपेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली. तिने त्याला विकलं होतं, आणि त्याने तोच माल दादाच्या गळ्यात मारला होता.

बुधवारी ताई दारात आली तेव्हा तोंडावर दार आपटावंसं वाटलं. पण त्याने तिला आत घेतलं. "कसं काय?" तिने चाचरत विचारलं.

"उत्तम. झोप छान, मन छान. पूर्ण गुण लिहा," असं म्हणून तो चालता झाला.

तलावात त्याला उताणं पडताच येईना. नाकात पाणी गेलं. तो वेळेआधीच परत निघाला आणि सवयीने जिन्यातच खिशातून किल्ली काढली.

दार सताड उघडं होतं. उंबरठ्याशी चाकाच्या खुर्चीत दादा बसला होता, अंगावर शाल, मागे कावरीबावरी ताई.

"मी नको म्हणत होते हो," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून इथेच बसलेत. दार लावूच देत नाहीत. थांबा, चहा टाकते."

"चहा नको, ताई."

दादाने त्याच्या हातातल्या किल्लीकडे बोट दाखवलं. ओठ हलले, शब्द अडकला, पुन्हा हलले.

"किल्ली... नको."

किल्लीवाला जिन्यातच उभा राहिला. "दादा," तो म्हणाला, "ते आधीचं नव्हतं."

"माहीत," दादा म्हणाला आणि त्याला आत यायला जागा व्हावी म्हणून एका हाताने खुर्ची मागे ढकलू लागला.