स्वस्तातला नकाशा

वारंगा फाट्यावर भागवतचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, पण जीव सगळा त्याच्या वेबसाइटीत. हळद निघाली की ती शिजवायला कुकरवाले लागतात, ट्रॅक्टरमागं कुकर जोडून शेतोशेत फिरणारे, आणि ऐन सिझनला त्यातला एकही हाती लागत नाही. म्हणून यानं साइट काढली. शेतकऱ्यानं नकाशावर आपल्या शेतावर बोट ठेवायचं, कुकर तिथं हजर. पहिल्याच वर्षी लोकांनी इतकी बोटं ठेवली की नकाशा पुरवणाऱ्या कंपनीची फुकटची मर्यादा मार्चातच संपली आणि नकाशाच्या जागी नुसते करडे चौकोन. कारण नकाशा म्हणजे एक अख्खं चित्र नसतंच, चौकोनी तुकडे असतात, टाइल म्हणतात त्याला, आणि कंपनी हजार तुकड्यांमागं पैसे घेते.

दिवाळी झाल्यावर तो दुसरी कंपनी शोधायला बसला. शेजारी खाटेवर त्याचे वडील, तातेराव. वीस वर्षं कुकर चालवलेला माणूस, बांध न् बांध पाठ, आणि आता दोन वर्षं झाली गळ्याच्या कॅन्सरनं घरी. नांदेडच्या डॉक्टरनं भागवतला बाजूला घेऊन सांगितलेलं, फार दिवस नाहीत. भागवतनं ते लपवलं होतं. तातेरावला ते माहीत होतं.

"दोन कंपन्या हायत, आबा. दोघीबी एकाच उघड्या नकाशावरून तुकडे बनवतात. त्या नकाशात कोणीबी रस्ते भरू शकतं. महागाची रोज नवे तुकडे बनवते, स्वस्ताची तीन महिन्यांनी एकदा."

"मंग तीन महिन्यांत रस्ते काय पळून चालले व्हय?"

"तसं न्हाई, पण..."

"स्वस्ताची घे. माझ्या औषधाला काय कमी जाऊन राहिलं का?"

स्वस्ताची घेतली. पण नकाशात हायवे सोडला तर आपलं शिवार कोरंच. मग तातेराव बसक्या आवाजात सांगायचा आणि भागवत त्या उघड्या नकाशात रेघा काढायचा. विहिरीपासून डाव्या हाताला, चिंचेखालून, नाला उतर, थांब, लई पुढं गेलास येड्या. पंधरा दिवस हेच. शेवटी तातेरावनं स्वतःची गाडीवाट सांगितली, शेषरावच्या वावरातून जाणारी, त्याच्याच चाकांनी पडलेली, चार किलोमीटरचा फेरा वाचवणारी.

"आता साइटीवर दाव."

"तिथं माघात येईल, आबा."

"हे दिसून राहिलं की."

"हे उघड्या नकाशात दिसतंय. साइटीवर लोकांना न्हाई, कंपनी नवे तुकडे बनवील तवाच."

त्या दिवसापासून रोज सकाळी एकच. "आली का रे?" भागवत साइट उघडून बघायचा आणि नाही म्हणायचा. एकदा त्यानं महागाच्या कंपनीचं पान उघडलंसुद्धा, एकच महिना घ्यावा, म्हाताऱ्याला दाखवून बंद करावं. तेवढ्यात नांदेडला न्यायची गाडी दारात आली. म्हणाला, आल्यावर बघू.

तातेराव तिथून परत आलाच नाही. पौष चालू होता.

माघात एका सकाळी साइट उघडली तर ती वाट आलेली. बारीक, तुटक तुटक रेघ. भागवत दुकानाचं शटर अर्धंच उघडून बघत बसला, गिऱ्हाईक उभं आहे हेही त्याला कळलं नाही.

दुपारी संतराम कुकरवाल्याचा फोन. "भागवत, ही वाट कोण्या शहाण्यानं भरली बे? इथं हळद उभी हाय. ठिबकाच्या नळ्यावर चाक गेलं माझं, शेषराव शिव्या देऊन राहिला."

भागवत मोटारसायकल काढून पळाला. शेषराव बांधावर उभा होता, तुटलेली नळी हातात. याला बघून त्याचा आवाज खाली आला.

"तातेराव जायचा इथून. त्याच्यासाठी तर पट्टा सोडला होता म्या. तो घरी बसला, मंग नांगरला." मग नळीकडं बघत म्हणाला, "त्याला कसं सांगावं, म्हणून सांगितलं न्हाई."

संध्याकाळी भागवतनं उघड्या नकाशातून ती रेघ पुसली. एक बटण दाबायला त्याला तासभर लागला. साइटीवर मात्र ती तशीच होती, वैशाखापर्यंत तशीच राहणार. आता त्या बाजूची बुकिंग आली की तो स्वतः फोन करतो, भाऊ, ती वाट न्हाई, फेऱ्यानं जा.

"एवढी तकलीफ काहून घेतो?" संतराम म्हणाला. "महागाची घे की. उद्या जाईल ती रेघ."

भागवत म्हणाला, "बघू." आणि पुढच्या ड्रायव्हरला फोन लावला.