डावीकडची गाडी

मामांचा पहिला अपघात आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला.

मामा म्हणजे माझे सासरे. बत्तीस वर्षं त्यांनी दूध संघाचा टँकर चालवला, कोल्हापूर ते मुंबई. एवढ्या वर्षांत गाडीला कधी ओरखडा उठला नाही, असं शिवाजी पेठेत अजून सांगतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. एके दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन थांबले आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या लॅपटॉपवर ट्रक चालवायचा खेळ चालतोय व्हय?"

मी एका फौंड्रीसाठी घरूनच साच्यांची ड्रॉइंग करते. लॅपटॉप त्याच कामासाठी घेतलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, विटेसारखा जड. मामांनी माझ्याकडे आजवर चहासुद्धा मागून घेतला नव्हता, त्यामुळे मला कौतुकच वाटलं. मी आपल्याकडचे रस्ते असलेला एक खेळ टाकला. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग मागवलं. मामा चष्मा पुसून बसले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी रस्त्याकडेला थांबलेली बस ठोकली.

"आं? ही कुठनं आली?"

चित्र अडखळत होतं, हे खरं. पुढची गाडी मधेच गोठायची आणि मग एकदम चार हात पुढे दिसायची. मी म्हणाले, "मामा, लॅपटॉप ओढत नाहीये. मी बघते काय ते."

"व्हय, त्येच असणार," ते लगेच म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झालेला मला दिसला. त्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

असल्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोघं असतात. एक प्रोसेसरमध्येच बसवलेला, साधा, वीज वाचवणारा. दुसरा वेगळ्या कार्डावरचा, ताकदीचा. कुठलं काम कुणाला द्यायचं, हे लॅपटॉप आपला आपण ठरवतो, आणि कधी कधी चुकीचं ठरवतो. मी टास्क मॅनेजर उघडून बघितलं. खेळ चालू असताना पहिला शंभर टक्क्यांवर धापा टाकत होता आणि दुसऱ्यापुढे शून्य. एवढं महागाचं कार्ड आत झोपून होतं.

आधी मी चार्जर लावून बघितलं, कारण नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप हात राखून चालतो. फरक पडला नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स, तिथं खेळाचं नाव शोधून 'हाय परफॉर्मन्स' निवडलं. तरी शून्य. मधे कामाची घाई आली, दोन-तीन दिवस तसेच गेले. मामा रोज दुपारी बसायचे, रोज ठोकायचे आणि रोज विचारायचे, "झालं का गं त्ये?" इतक्या वेळा विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी म्हणायचे, "करते, मामा."

असे दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत रोज सकाळी मामा माझ्या सात वर्षांच्या मुलीला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडत होते. मी गॅलरीतून हात हलवत होते.

शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, "ड्रायव्हर जुना असेल कार्डाचा, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर. काढून टाक आणि नवा घाल." एका रविवारी दुपारी मी तेवढं केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि खेळ उघडला. पंखा घोंघावायला लागला. दुसऱ्या कार्डापुढचा आकडा शून्यावरून चाळीस, साठ, ऐंशीवर गेला. पडद्यावर रस्त्याकडेचं गवत हलताना दिसलं, झाडांच्या सावल्या डांबरावरून सरकायला लागल्या. कुठं अडखळणं नाही, गोठणं नाही.

"मामा, या. आता बघा."

ते बसले. बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग गिअर टाकला. मी त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले होते. पहिला किलोमीटर छान गेला. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात मला पहिल्यांदाच दिसत होते, अगदी हलके, जुन्या सवयीचे. मग डावीकडच्या गल्लीतून एक पांढरी गाडी निघाली. मला ती निघायच्या आधीपासून दिसत होती. मामांनी वेग कमी केला नाही. स्टिअरिंगही हललं नाही. ट्रक सरळ तिच्यावर गेला.

"कुठनं आली ही?"

"डावीकडून आली, मामा."

"डावीकडं काय न्हवतं."

पुन्हा सुरू केलं. या वेळी डाव्या कडेला उभा असलेला ट्रॅक्टर. मग डावीकडून रस्ता ओलांडणारी म्हैस. उजवीकडून काहीही येवो, मामा ते लांबून हेरायचे आणि सफाईनं चुकवायचे. डावीकडचं त्यांच्यासाठी जणू नव्हतंच. पंखा घोंघावत होता, चित्र पाण्यासारखं वाहत होतं. आता लॅपटॉपमध्ये काही दोष उरला नव्हता.

मी आवाज न करता माझा हात वर केला, त्यांच्या डाव्या कानाच्या थोडा पुढे, आणि बोटं हलवली. त्यांची नजर समोर होती. हात मी पुढे पुढे नेत गेले. जवळजवळ नाकासमोर आल्यावर ते दचकले.

"काय करत्यास?"

"काही नाही. माशी होती."

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कायतरीच तुझं. बाबांनी बत्तीस वर्षं टँकर मारलाय. खेळ आणि गाडी एक असतंय होय?" मी वाद घातला नाही. सोमवारी सकाळी मामांच्या आधी उठले आणि म्हणाले, "आज मी सोडते हिला, शाळेत काम आहे माझं." स्कूटरची किल्ली मामांच्या हातात होती, ती त्यांनी खिशात ठेवली.

मी माझी मोपेड रंकाळा तलावाच्या बाजूला वळवली तशी मागून मुलगी म्हणाली, "आई, तू मोठ्या रस्त्यानं जाणार?"

"मग कुठून जायचं?"

"आजोबा गल्लीतनं नेतात. मोठ्या रस्त्यावर गाड्या एकदम येतात म्हणतात." जरा थांबून तिनं पुढे सांगितलं, "आणि आमचा खेळ असतो. मी डावीकडचं बघायचं आणि आली की 'आली' म्हणून ओरडायचं. मग आजोबा ब्रेक दाबतात."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "कधीपासून खेळता हा खेळ?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर. मी फक्त एकदाच विसरले. तेव्हा रिक्षावाले काका खूप ओरडले. आजोबा म्हणाले, घरी नको सांगू, आई घाबरेल."

दिवाळी होऊन तीन महिने झाले होते. मी तिला शाळेच्या फाटकात सोडलं. ती मैत्रिणींकडे पळत गेली.

घरी आले तर मामा जेवणाच्या टेबलाशीच बसले होते, बंद लॅपटॉपसमोर. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मामा, ती मला सगळं बोलली."

ते स्टिअरिंगवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हाईत हुतं मला. आदी वाटलं मोतीबिंदू असंल, जाईल. मग वाटलं, रस्त्यावर गर्दीच वाढलीया. म्हटलं, खेळात बघू. खेळात कोण मरत न्हाय. तू म्हणालीस लॅपटॉपचा दोष हाय, मला लई बरं वाटलं बघ. रोज वाटायचं, लॅपटॉप नीट झाला की मी बी नीट."

"आणि पोरीला घेऊन जात होतात?"

खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तो पुरता गेलाय असं मी आजही म्हणणार नाही. आणि त्याच वेळी, दोन आठवडे मी काय दुरुस्त करत बसले होते, हेही मला टोचत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. नजरेचा नकाशा काढलेला कागद बाहेर आला. दोन्ही डोळ्यांच्या नकाशाची डावी बाजू काळी होती. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत यांचे. दोष मागे आहे, मेंदूत. आजच्या आज स्कॅन करून घ्या."

स्कॅनमध्ये डोक्याच्या मागच्या भागात दोन डाग निघाले. एक जुना, एक अलीकडचा. पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, एकदा नव्हे, दोनदा, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मेंदूच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या, बीपीच्या दिल्या. गेलेली नजर बहुधा परत येणार नाही म्हणाले. ह्यांनी विचारलं, "पुन्हा येईल का?" डॉक्टरांनी तोंड वाकडं होणं, हातातली वस्तू गळणं, शब्द अडखळणं, अशी लक्षणं सांगितली आणि म्हणाले, "यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका." ते काही आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

बाहेर आल्यावर ह्यांनी मामांचा हात धरला. मी त्यांना वडिलांचा हात धरताना कधी बघितलं नव्हतं.

स्कूटर मामांच्या कुरुंदवाडच्या भाच्याला दिली. तो न्यायला आला तेव्हा मामा आत पडून राहिले. लॅपटॉप त्यांनी पुन्हा मागितला नाही. मुलीला आता मीच सोडते.

रोज सकाळी चहा देताना मी मामांना काहीतरी विचारते. भाजी कुठली आणू, आजऱ्याला माझ्या माहेरी पाऊस कसा असेल, असलं काहीही. उत्तराशी मला घेणं नसतं. शब्द सरळ येतात का, ओठाचं टोक खाली ओढलंय का, तेवढं बघायचं असतं. मामांना ते ठाऊक आहे. ते कप खाली ठेवतात, माझ्याकडे तोंड करतात आणि एकेक शब्द सुटा करून सावकाश उत्तर देतात.