नारळ हातात धरून बसलेली विहीण

साऱ्या मराठवाड्यात, ज्या घरी मानाने बोलावलं त्याच घराची मोजमापं काढणारी बाई एकच आहे, आणि ती नेमकी माझी विहीण आहे. पूर्णेची. नवरा रेल्वेत होता, आणि ही स्वतः नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात अनुरेखक, म्हणजे लोकांच्या घरांचे नकाशे उतरवून काढणारी. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, पण खातं काही हिच्या अंगातून उतरलं नाही. इतर बायकांच्या पर्समध्ये सुपारीची डबी असते, हिच्या पर्समध्ये टेप असतो. देवळात गेली तर देवाआधी छज्ज्याकडे बघते. माझ्या मुलीला बघायला आली तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून जिन्याकडेच टक लावून बसली होती. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. वाटलं, आता देण्याघेण्याचं निघेल. तर बाई म्हणाली, "घराचा मंजूर नकाशा हाय का? बघू जरा." आमच्या यजमानांनी बिचाऱ्यांनी ट्रंकेतून काढून दिला, तो तिने पोह्यांपेक्षा चवीने वाचला. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "मुलगी पास हाय. जिना नापास हाय." मला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. ही सोयरीक करायला आली होती की पंचनामा करायला?

एकदा पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेऊन आम्ही दोघी नात्यातल्या एका लग्नाला गेलो. नवंकोरं मंगल कार्यालय, झुंबरं काय, कारंजं काय. सगळ्या बायका नवरीचे दागिने बघत होत्या आणि ही मागचं दार शोधत फिरत होती. सापडलं, त्याच्यासमोर खुर्च्यांची चळत आणि केटरिंगवाल्याचे गॅसचे सिलिंडर. झालं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत दार मोकळं करा म्हणून हिने ठाण मांडलं. नवरदेवाचे मामा, फेटा बांधलेले, हातात आंतरपाट धरायचा सोडून सिलिंडर लोटायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मावशी, मुहूर्त टळायलाय." ही म्हणाली, "टळू द्या. आग मुहूर्त बघून लागत न्हाई." मी त्या दिवशी हिच्यापासून चार खुर्च्या लांब बसून जेवले. कुणी विचारलं तर ओळख सांगायची नाही असं ठरवलं होतं.

आता मला सांगा, अशा बाईला आमच्या गावात कोण सहन करणार? परभणीत सध्या जो भेटेल तो एकच सांगतो, "परभणी वाढायलीय." वसमत रोडला प्लॉट, गंगाखेड रोडला प्लॉट, जिथे काल तूर होती तिथे आज 'भव्य गृहप्रकल्प'. वाढावं ना, पोरांना काम मिळतं, कोण नको म्हणतं? पण वाढ कशी, तर पार्किंगच्या जागेत दवाखाना, जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान, आणि दोन घरांच्या मधली मोकळी जागा दोन्ही बाजूंनी इतकी खाल्लेली की मांजर तिरकं होऊन जातं. आमच्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही; पेशंटच बाजेवर घालून तिच्याकडे न्यावा लागतो. आणि परवानगीचं कुणी विचारलं की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: नंतर दंड भरून नियमित करून घेऊ. विहीण म्हणते, "गाव वाढायलंय व्हय? सूज आल्यावर बी माणूस जाडच दिसतो."

मी हे रागाने लिहितेय, पण या रागातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे. तिशीतली मी काय चीज होते, ते आज आठवलं तरी त्या बाईच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटतं. आमचं घर बांधायला घेतलं तेव्हा नकाशात सहा कॉलम होते. त्यातला एक नेमका हॉलच्या भिंतीत, जिथे मला काचेचा शोकेस पाहिजे होता तिथे. शेजारणीच्या शोकेसपेक्षा वीतभर मोठा पाहिजे होता, हे खरं कारण. आमचा मिस्त्री जुना माणूस, भला माणूस. म्हणाला, "भाभी, खंबा नकाशे में है, यहीच रहना." मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "नकाशा कागदावर हाय, शोकेस माझ्या घरात ऱ्हाणार हाय." यजमान ड्युटीवर, आणि मिस्त्रीला माझ्या तोंडाची भीती. कॉलम गेला. पुढे गच्ची झाली, वरच्या मजल्याच्या आशेने सगळे ठेवतात तशा कॉलमच्या सळया वर काढून ठेवल्या, तर पाचच झुपके. एक कोपरा बोडका दिसायला लागला. मग मी शहाणीने मिस्त्रीला सांगून तिथे सहावा झुपका नुसता गच्चीत रोवून घेतला. दिसायला बरं. त्याच्याखाली काही नव्हतं, माझा शोकेस होता आणि त्यात चिनी मातीचे दोन ससे.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. यजमान गेले, त्यांनाही माहीत नव्हती. आणि तीन वर्षांपूर्वी मुलाने मजला चढवायला काढला. बाहेरगावची पोरं शिकायला येतात, त्यांना खोल्या द्यायच्या. परवानगी? नंतर नियमित करून घेऊ. खाली काय आहे ते माहीत असूनही सहाव्या झुपक्यावर कॉलम उभा राहताना मी खाली बसून गप्प वाटाण्याच्या शेंगा सोलत होते.

स्लॅबचा दिवस उजाडला. मिक्सर आला, माणसं आली, गल्लीला बुंदी. नारळ फोडायचा मान विहीणबाईंचा. मुलीच्या सासरचा मान, तो दुसऱ्याने घेतला तर सोयरिकीत भेग. ती गच्चीच्या जिन्यावर बसली, नारळ हातात घेतला, वर बघितलं, बोटांनी मोजलं. खाली जाऊन आली. पुन्हा मोजलं. आणि नारळ पदराखाली घेऊन बसून राहिली.

"फोडा ना मावशी," माझा मुलगा म्हणाला.

"परवानगीचा कागद आण. मग फोडते."

"अहो, मिक्सर थांबलाय."

"थांबू दे की. मी बी थांबलेय."

तिच्या हातातून नारळ काढून घेणार कोण? मुलगा लालबुंद, जावई जमिनीकडे बघतोय, मजूर बुंदी खातायत. दुपारी मिक्सर निघून गेला. गल्लीतल्या सगळ्यांनी तिला नावं ठेवली, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. "लेकराचं स्वप्न मोडलं तुमी," असं म्हणाले, चार माणसांत. ती फक्त म्हणाली, "विहीणबाई, पाणी द्या जरा," आणि माझ्यामागे हॉलमध्ये आली. शोकेससमोर उभी राहिली, बोटाने काच वाजवली. "वर सहा हायेत, खाली पाच. नकाशात बी सहा. हितला कुठं गेला?"

मी ग्लास पुढे केला.

"कागदासाठी बसले न्हाई मी. पोरानं परवानगी मागितली असती तर इंजिनेर येऊन मोजून गेला असता, एवढंच असतंय त्यात. मी कुणाला सांगत न्हाई. तुमी सांगा." पाणी प्यायली आणि चारच्या गाडीने पूर्णेला गेली. खडूस, काड्या घालणारी, असं सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन.

आणि मी सांगितलं का? नाही. पाच दिवस नाही. सहाव्या दिवशी मुलगा फोनवर मिक्सरवाल्याला म्हणाला, "परवा या, यावेळी नारळ मीच फोडतो," तेव्हा माझ्या तोंडून निघालं. त्याने शोकेसमागची भिंत हाताने ठोकून बघितली. मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. इंजिनिअर आला, खालून कॉलम उभा राहिला, वरचा मजला अर्धवट राहिला तो राहिलाच. गल्ली मात्र अजून म्हणते की विहिणीने मोडता घातला. म्हणून हे लिहिलं. घातला तो मी.

माफी मागायला मी पूर्णेला गेले. तिच्या घरात गवंडी काम करत होता, मागच्या खोलीतली खिडकी विटांनी बुजवत होता. शेजाऱ्याच्या हद्दीवरची भिंत. तिथे खिडकी काढायला परवानगी नसते. नवरा होता तोवर स्टेशनातून रूळ ओलांडून यायचा, तो तिथून दिसायचा, म्हणून नवीन लग्न झाल्यावर हिने ती बसवून घेतली होती. साऱ्या गावाचे छज्जे मोजले, ही खिडकी तेवढी ठेवली. आता शेजारी रीतसर परवानगी घेऊन भिंत उचलणार होता. "त्यानं म्हणायच्या आत म्हटलं आपणच बुजवावी," ती म्हणाली. "तुमाला सांगा म्हणाले, अन् मी काय करायले होते इतकी वर्षं?"

गवंडी गेल्यावर आम्ही दोघींनी त्याच भिंतीकडे तोंड करून चहा घेतला. सिमेंट ओलं होतं. पलीकडून गाडी धडधडत गेली. मी आवाजाने मान वर केली, विटा बघून खाली घातली.

"मालगाडी हाय," ती म्हणाली. डबे संपेपर्यंत तिने कप खाली ठेवला नाही.