सड्यावरची सोयरीक

सदूभाऊजी शुक्रवारी येऊन हौसाला म्हणाले की रविवारी पाहुणे घर बघायला येणार.

"भाऊजी, श्रावणात बोलवा ना त्यांना," ती म्हणाली. "वैशाखात नको."

"वयनी, तुमचा संदेश चौतीसचा झाला. श्रावणापर्यंत ती पोरगी तुमच्यासाठी कोण ठेवणार हाय?"

हौसाला स्वतःला हे घर श्रावणातच दाखवलं होतं. लांज्याकडच्या नदीकाठच्या गावातली ती. वडिलांबरोबर माथेवाडीत आली तेव्हा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, हिरवागार होता, कातळावर इवली निळी फुलं होती आणि विहीर वाकून हातानं पाणी घ्यावं इतकी भरलेली. वडील खूश होऊन परतले. लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्यात विहिरीचा तळ दिसला आणि सासूनं कळशी तिच्या कमरेवर ठेवून डोंगराच्या कुशीतल्या झऱ्याची वाट दाखवली.

पाऊस माथेवाडीत कमी पडत नाही. चार महिने नुसता कोसळतो. पण जांभ्याचा कातळ तो धरून ठेवत नाही. पाणी उतारानं खालच्या उंबरकोंड गावात जातं, तिथून नदीला आणि नदीतून खाडीला. मग असल्या जागी माणसं राहायला आलीच का, हे हौसानं एकदा सासऱ्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, पूर्वी बंदरावरून मीठ-नारळ घेऊन घाटावर जाणाऱ्या बैलांची वाट याच सड्यावरून जायची. वाटेवर मुक्काम व्हायचा, त्यावर वाडी जगायची. पुढे खालून गाडीरस्ता झाला, बैल बंद झाले, वाडी मात्र वरच राहिली. मग पुरुष गिरणीत गेले. गिरण्या गेल्या, तरी मुंबईला जाणं काही थांबलं नाही. हौसा आली तेव्हा वाडीत संध्याकाळी घराघरातून धूर निघायचा. आता पाच चुली पेटत होत्या, त्याही म्हाताऱ्यांच्या.

तरणा असा संदेश एकटाच. बारावीनंतर तोही निघाला होता, पण त्याच साली भागोजीला, त्याच्या बापाला, अर्धांगवायू झाला. संदेश चिरेखाणीवर ट्रॅक्टर चालवायला लागला आणि बापाचं सगळं त्यानं केलं. भागोजी गेला तोवर पोराची तिशी उलटली होती. त्यानंतर सदूभाऊजींनी सात-आठ स्थळं आणली. मुलगा निर्व्यसनी, घर चांगलं, सगळं पसंत पडायचं. शेवटी मुलीकडचे विचारायचे, मुंबईला खोली हाय का?

रविवारी पहाटेच हौसा आणि शेजारची जनीकाकी झऱ्यावर गेल्या. खेपा घालून त्यांनी घरातला प्रत्येक हंडा भरला. अंगण सारवलं. दहाच्या सुमाराला रावजी आपल्या मुलीला, दिशाला घेऊन सदूभाऊजींबरोबर आले. पोहे झाले, चहा झाला. रावजी मोकळा माणूस होता. संदेश खाली मान घालून विचारलं तेवढंच सांगत होता. दिशा लांज्याला औषधाच्या दुकानात कामाला होती, तिनेही त्याला दोन-तीन गोष्टी सरळ विचारल्या. एकदा तर दोघं हसली. हौसाला वाटलं, आता होतंय.

तेवढ्यात दिशा तांब्या खाली ठेवत म्हणाली, "मावशी, पाणी कुठून आणता?"

"नळ हायत की दारात," सदूभाऊजी घाईनं म्हणाले.

"नळ बघितले. गंजलेत."

रावजींनी मुलीकडे डोळे वटारले. ती हौसाकडेच बघत होती. हौसानं कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलली. "चल बाय," ती म्हणाली. "दाखवते."

पायवाट अरुंद, सुटे दगड, वर उन्हाचा ताव. दिशाची चप्पल दोनदा घसरली. झऱ्यावर जनीकाकी वाकून बसली होती. खडकाच्या खोबणीत जमणारं पाणी ती करवंटीनं हंड्यात ओतत होती, आणि पुन्हा जमेपर्यंत नुसती बसून राहत होती.

"फक्त मे महिन्यात असं?" दिशानं विचारलं.

हौसाच्या ओठांवर 'व्हय' आलं होतं. एवढ्या एका शब्दावर घरात सून आली असती. "शिमग्याच्या आधीपासनं," ती म्हणाली. "टँकर येतो आठवड्यातून एकदा. कधी येत पण नाय. बोअर मारली व्हती, नुसता फुफाटा निघाला."

दिशानं वाकून खोबणीत बोटं बुडवली. मग हळूच म्हणाली, "मावशी, राग मानू नका. तुम्हाला मुलगी आहे ना? तिला दिली असती का तुम्ही इथं?"

मृणालीला हौसानं नालासोपाऱ्याला दिली होती. नवऱ्याशी भांडून, हट्टानं.

"नाय," ती म्हणाली.

जनीकाकीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दिशानं कळशी भरू दिली आणि हौसा नको नको म्हणत असताना ती स्वतः कमरेवर घेऊन चढ चढली. वर पोचली तेव्हा तिचा ड्रेस एका बाजूनं भिजला होता.

दोन दिवसांनी नकार आला. सदूभाऊजी फोनवर ताडताड बोलले. संदेशनं रात्री जेवताना विचारलं, "आये, तू काय सांगितलंस तिला?"

"खरं ते सांगितलं."

तो भात कालवत राहिला. "बरं केलंस," तो म्हणाला. रागावला असता तर हौसाला बरं वाटलं असतं.

गणपती झाल्यावर तो मृणालीकडे गेला. एका गोदामात त्याला काम लागलं. वर्षाच्या आत त्याचं लग्नही ठरलं, शेजारच्याच तालुक्यातल्या ईशाशी. तिच्या घरच्यांनी माथेवाडी बघितलीसुद्धा नाही. लग्न छान झालं. सून गुणी निघाली, रोज फोन करायची. हौसा महिनाभर त्यांच्याकडे राहून आली. एका खोलीत बाळ आल्यावर चौथ्या माणसाला झोपायला जागा उरणार नव्हती. ईशाचे दिवस भरत आलेले. कोणी जा म्हटलं नाही, पण हौसाच म्हणाली, घरच्या गाईकडं बघायला जनीला जमत नाय.

यंदा उन्हाळ्यात टँकर वर आलाच नाही. हौसा आणि जनीकाकी पंचायतीत गेल्या. तिथला माणूस चांगला होता, त्यानं बसायला खुर्च्या दिल्या. "मावशी, तीनच घरं उघडी तुमच्या वाडीत. तेवढ्यासाठी मंजुरी मिळत नाही. मी वर विचारलं," तो म्हणाला. "खाली रस्त्यावर येतो टँकर, तिथनं न्या."

"तिथनं वर कोण नेणार?" जनीकाकीनं विचारलं.

त्यानं दोघींसाठी चहा सांगितला.

संदेशला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आये, गाय विक आणि ये इकडं. बघू कसं जमवायचं ते." त्याच्या मागे बाळ रडत होतं. हौसा म्हणाली, बघते. गाईला गिऱ्हाईक मिळेना. गुरं पाळणारंच कोणी उरलं नव्हतं. शेवटी खालच्या गावातल्या एकाला तिनं ती तशीच देऊन टाकली.

त्या आठवड्यात मुंबईला न जाता तिनं आपलं अंथरूण जनीकाकीच्या पडवीत नेलं. दोघींचा भात एकाच टोपात शिजला की भांडी कमी निघतात, आणि एक कळशी पाणी वाचतं.